गोलमागचा आवाज

ता. ९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझं पत्र नाही, म्हणून हे माझं. फोन करता आला असता, पण फोनवर तू नुसता हुंकार देतोस. परवा मी मोजले: अकरा 'हं' आणि एक 'बरं'. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत दिवसभर बोलून तुझा घसा दमतो हे मान्य, पण सख्ख्या भावाच्या वाट्याला बारा शब्द म्हणजे अगदीच हात आखडता झाला. कागदावर तरी मोकळा हो.

इथे ठीक. दुकानात पंपांची रांग लागलीय. एक मोटार मिस्त्रींनी तीनदा उघडली, तीनदा बांधली, तरी तिची कुरकुर जाईना. मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हटलं, मागचं बेअरिंग. निघालंही तेच. मिस्त्री म्हणाले, शेठ, तुमच्या कानांचा विमा उतरवा. ज्या दुकानात झाडू मारायला लागलो तिथेच शेठ म्हणवून घ्यायचं म्हणजे अजून जरा अवघडल्यासारखंच होतं.

आता मुद्द्याचं. आपल्या क्लबचा गोलकीपर, आपला कुलूप, भलताच फॉर्मात आहे. घरच्या मैदानावर सहा सामन्यांत दोनच गोल खाल्ले, त्यातही एक पेनल्टी. देशाच्या संघातला तिसरा गोलकीपर गुडघा धरून बसलाय आणि निवड समितीचा माणूस डिसेंबरात आपल्याकडे येणार, असं न्हावी म्हणतो. न्हाव्याच्या बातमीला कात्री लावूनच ऐकावं लागतं, पण या खेपेला पेपरातही आलंय. पोरगा सव्वीसचा झाला. आत्ता गेला तर गेला, नाहीतर जन्मभर आपल्यातच.

माझी जागा तीच, जाळीमागे दहा पावलांवर. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की मी स्टूल उचलून दुसऱ्या टोकाला जातो. डावीकडून चेंडू उंच यायला लागला की मी 'डावा!' म्हणून ओरडतो आणि कुलूप डाव्या खांबाकडे सरकतो. त्याच्या पहिल्याच सामन्यात तो गोलरेषेवरच खिळला होता, तेव्हा न राहवून ओरडलो. तो सरकला आणि चेंडू त्याच्या छातीवरच आला. तेव्हापासून सहा वर्षं आमचं हे चालू आहे. याहून जास्त आम्ही कधी बोललेलो नाही.

शनिवारी त्यांचा सामना तुझ्या शहरात आहे. जा, नीट बघ आणि कळव. देशाकडून खेळण्याजोगा आहे की नाही, एवढंच सांग.

लोभ असावा, आणि तो 'हं'पेक्षा लांब असावा.

तुझा,
दादा


ता. १८ ऑक्टोबर

ती. दादास, शि. सा. न.

पत्र मिळालं. खिडकीवर लोक मला फक्त फलाट आणि वेळ विचारतात. ज्याचं उत्तर आकड्यात नाही असा प्रश्न वर्षभरात तुझाच पहिला. म्हणून विचार करून उत्तर देतो.

सामना पाहिला. आपण तीन गोलांनी हरलो. तिन्ही डावीकडून आले. चेंडू उंच येतो, कुलूप जागच्या जागी उभा, आणि त्याच्या डावीकडून माणूस डोकं लावून निघून जातो. दार सताड उघडं टाकून घरचे गावाला गेलेत, असं वाटत होतं. एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक वेळी चेंडू येण्याआधी तो मागे वळून बघायचा. मागे काहीच नव्हतं. सिमेंटच्या पायऱ्या, एक गुंडाळलेली जाळी आणि बिस्किट खाणारा फोटोवाला.

तू विचारलंस म्हणून सांगतो. देशाकडून खेळण्याजोगा नाही. राग मानू नकोस.

माझी खोली तीच, तिसऱ्या मजल्यावरची. शेजारचे सोडून गेले, नवे अजून यायचेत. तब्येत बरी. तू जेवण वेळेवर करत जा. वहिनी गेल्यापासून तू काय खातोस ते सांगत नाहीस, त्यावरून कळतंच.

लोभ आहे, तो असाच राहावा.

तुझा,
धाकटा


ता. २६ ऑक्टोबर

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

राग मानू नकोस म्हणालास, म्हणून आठ दिवस थांबून लिहितोय. अरे, बसस्थानकात बसून तुला सगळ्याच गाड्या उशिरा दिसायला लागल्यात. परक्या मैदानावर उन्हं डोळ्यांत येतात, गवत वेगळं, बॅक तर झोपलेलेच. तीन गोलांत कुलपाचा काय दोष?

हे सगळं मी न्हाव्याला ऐकवलं. त्याने माझ्या गालाला साबण लावला, म्हणजे माझं तोंड बंद झालं, आणि मग वही काढली. घरी सहा सामने, दोन गोल. बाहेर सहा सामने, चौदा गोल. वर म्हणाला, हे कुलूप घरच्याच दाराला बसतं. अर्धी दाढी झालेला माणूस उठून जाऊही शकत नाही.

१५ तारखेला ते पुन्हा तुझ्याकडे येतायत, दुसऱ्या क्लबाशी. या वेळी जाळीमागे बस, माझ्यासारखा. तिथून काय दिसतं ते लिही. जेवणाचं म्हणशील तर जेवतो. काय जेवतो हा तुझ्या खात्यातला प्रश्न नाही.

लोभ आहेच, सध्या जरा फुगलेला आहे, उतरेल.

तुझा,
दादा


ता. १६ नोव्हेंबर

ती. दादास, शि. सा. न.

काल जाळीमागे बसलो, दहा पावलं मोजून. मध्यंतरात दुसऱ्या टोकालाही गेलो. रखवालदाराने हटकलं, तर गोलकीपरच्या घरचा आहे असं सांगून टाकलं. असं खोटं मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो.

साठाव्या मिनिटाला चेंडू डावीकडून उंच आला. कुलूप मागे वळला आणि त्याने थेट माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा तुझ्यावर गेलाय असं सगळे म्हणतातच. दादा, तो थांबला. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबला. मला कळलं काय म्हणायचं ते. शब्द तीन अक्षरांचासुद्धा नाही. पण मोठ्याने बोलायची माझी सवयच मोडली आहे. ओठ हलले, आवाज काही निघाला नाही. चेंडू आत गेला. 

मला काय वाटतं ते लिहितो. तो डावीकडे बघायला शिकलाच नाही. त्याच्या वतीने सहा वर्षं तू बघतोयस. घरी तो चांगला नाही, तुम्ही दोघं मिळून चांगले आहात. देशाच्या संघात जाळीमागे तू नसणार.

एक सामना गप्प राहून बघ. माझं चुकलं असेल तर मी जाहीर माफी मागेन, तीही मोठ्याने.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


ता. २८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझी माफी तुझ्यापाशीच राहू दे. तुझं बरोबर निघालं.

रविवारी गप्प राहिलो. विसाव्या मिनिटाला डावीकडून चेंडू आला, त्याने वळून बघितलं, मी बुटांकडे बघत राहिलो. गोल. दुसऱ्या अर्ध्यात पुन्हा तेच. घरच्या मैदानावर दोन गोल, आणि आपलीच माणसं त्याला नाही नाही ते बोलली. सामना संपल्यावर तो फाटकापाशी आला आणि त्याने विचारलं, काका, घसा बसलाय का. सहा वर्षांत एवढं मोठं वाक्य पहिल्यांदाच. मी हो म्हटलं.

घरी आलो आणि लाज वाटली. धाकट्या, तुला म्हणून लिहितो. तुझी वहिनी गेली, मग तुझी बदली झाली. दिवसभर मी मोटारींचं ऐकतो, गिऱ्हाइकांचं ऐकतो. माझं ऐकून जागचा हलणारा एकच माणूस उरला होता, तो कुलूप. पोराची डावी बाजू कच्ची आहे हे माझ्या कानांना आणि डोळ्यांना कळलं नसेल? दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. दुसऱ्याची मोटार असती तर उघडून दाखवली असती. ही मात्र मी तशीच चालू ठेवली, कारण ती माझ्यावर चालत होती.

मंगळवारी सरावाला गेलो आणि खरं सांगितलं. आधी तो हसला, म्हणाला, मी कुठे मागे बघतो. मग हसणं थांबलं. हातमोज्याची पट्टी कितीतरी वेळ उघडत आणि लावत राहिला. शेवटी विचारलं, मग मी काय करू. मी म्हटलं, तुझ्या डाव्या बॅकला हाक मार, आणि हाक मारायची तर आधी तुला बघावंच लागेल. आणि सांगितलं की १४ डिसेंबरला, निवड समितीचा माणूस येईल तेव्हा, मी जाळीमागे नसेन. शोधू नकोस. त्याने मान हलवली. बरं वाटलं का? नाही वाटलं.

लोभ असावा. आज मलाच जास्त लागेल.

तुझा,
दादा


ता. ५ डिसेंबर

ती. दादास, शि. सा. न.

१४ तारखेची रजा मागितली होती, साहेबांनी नाही म्हटलं. त्या दिवशी तुझ्याशेजारी उभं राहायचं होतं.

तू जाळीमागे नसशील म्हणतोस, पण मी तुला ओळखतो. चेंडू उडाला की तुझा घसा तुझं ऐकत नाही. तू मैदानाच्या बाहेरच थांब, भिंतीपलीकडे. तुला डोळ्यांची गरज कुठे आहे? आणि दादा, तू वाईट काही केलं नाहीस. उशीर केलास. उशीर आणि गाडी रद्द, यातला फरक मला चांगला कळतो.

लोभ आहे, कितीही उशीर झाला तरी.

तुझा,
धाकटा


ता. १५ डिसेंबर

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझं ऐकलं. संपूर्ण सामना भिंतीबाहेर, सायकलींच्या रांगेत उभा राहून काढला. येणारे-जाणारे बघत होते, म्हातारा भिंतीला कान लावून काय करतोय.

पहिला अर्धा तास त्याचा आवाजच नाही. लोकांचा गलका चढतो, मध्येच श्वास धरल्यासारखा थांबतो, मग 'हाऽऽ' करून खाली येतो. म्हणजे थोडक्यात चुकलं. माझे पाय दोनदा फाटकाकडे वळले, दोनदा मी सायकलीचं हँडल धरलं. आणि मग ऐकलं. भसाडा, फाटका, न तापलेल्या इंजिनासारखा आवाज: 'डावा धर!' पाठोपाठ हातमोज्यावर चेंडू बसल्याचा दणका. तो दणका मी झोपेतही ओळखेन. मग तो आवाज थांबेचना. दुसऱ्या अर्ध्यात तर त्याने बॅकच्या सात पिढ्या काढल्या. मी बाहेर एकटा हसत होतो. सामना शून्य-शून्य.

निवड समितीचा माणूस काय म्हणाला ते न्हाव्यालाही ठाऊक नाही, म्हणजे खरंच कुणाला ठाऊक नाही.

लोभ असावा. घसा ठणठणीत आहे, उपयोग नाही.

तुझा,
दादा


ता. १९ जानेवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

पेपरात वाचलंच असशील. कुलूप देशाच्या संघात गेला, आणि जाता जाता एका मोठ्या क्लबानेही त्याला उचललं. न्हाव्याने त्या दिवशी सगळ्यांची दाढी फुकट केली आणि हे मी आधीच म्हणालो होतो असं प्रत्येकाला सांगितलं.

निघायच्या दिवशी तो दुकानात आला होता म्हणे. मी एका इमारतीच्या गच्चीवर पंप बसवत होतो. मिस्त्रींनी संध्याकाळी सांगितलं, कुणी उंच मुलगा आला होता, अर्धा तास बसला, निरोप काही ठेवला नाही. मिस्त्रींना फुटबॉल कळत नाही, त्यांच्यावर काय रागवायचं.

रविवारी नव्या गोलकीपरमागे स्टूल टाकून बसलो. मी तोंडही उघडलं नव्हतं, तरी मध्यंतरात तो जवळ आला आणि फार अदबीने म्हणाला, काका, मागे बसायला हरकत नाही, पण ओरडू नका, लक्ष जातं. कुणीतरी सांगून ठेवलं असणार. मी म्हटलं, छे छे, मी कशाला ओरडतोय. चांगला मुलगा आहे. दोन्ही बाजू बघतो.

काल देशाचा सामना टीव्हीवर पाहिला. तूही पाहिलास ना? पहिल्या दोन गोलकीपरांतला एक आधीच जायबंदी, दुसरा लंगडत बाहेर, आणि सत्तराव्या मिनिटाला आपला कुलूप आत. मी खुर्ची पुढे ओढली. थोड्याच वेळात डावीकडून चेंडू उंच आला आणि मी बसल्या जागी ओरडलो, होता नव्हता तेवढा जोर लावून. पण माझं ओरडणं निघायच्या आधी तो खांबापाशी पोचला होता. मी नीट पाहिलं, धाकट्या. आधी पोचला होता. मागे वळलाही नाही.

तळमजल्यावरच्या बाई धावत वर आल्या. दारातून विचारलं, काय झालं, कुणाला हाक मारलीत. मी म्हटलं, कुणाला नाही. त्यांनी आत एकदा डोकावून बघितलं, खोलीत मी एकटाच, टीव्हीवर जाहिरात लागलेली. बरं म्हणून गेल्या. त्यांच्या चपला जिना उतरून पार खालच्या फरशीपर्यंत गेलेल्या मला ऐकू आल्या.

उत्तर लवकर धाड. लांबलचक लिही, लिहिण्यासारखं काही नसलं तरी.

तुझा,
दादा