न पिण्याचा परवाना मिळण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
राज्य उत्पादन शुल्क,
मुंबई उपनगर.

विषय: माझा मुलगा नंदू माणिक चिंदरकर, वय ४४, यास दारू न पिण्याचा परवाना मिळण्याबाबत.

संदर्भ: आपल्या खिडकीवरील तेजल मॅडम यांच्याशी सोमवारी झालेले तोंडी बोलणे.

महोदय,

मी घाटकोपर पश्चिमेस डोंगरावरील चाळीत राहणारा, निवृत्त गिरणी कामगार, वय ७६. आपले खाते दारू पिण्याचा परवाना देते, हे जगजाहीर आहे. मी सोमवारी येऊन न पिण्याचा मागितला. तेजल मॅडम म्हणाल्या, "काका, न पिणाऱ्याला कशाला लागतो परवाना?" मी म्हटले, "पिणाऱ्याला कोण अडवतो, मॅडम? मार न पिणाऱ्यालाच पडतो." त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि लेखी द्या म्हणाल्या. म्हणून हा अर्ज.

नंदूने जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. शिमग्याला सगळी चाळ तर्र असते तेव्हा हा कोकम सरबत पितो. तो शाळेच्या मुलांची व्हॅन चालवीत असे. चार वर्षांपूर्वी त्याचा डावा हात आपल्या मनाने उडू लागला. कोणी काही बोलायच्या आधी त्याने चावी मालकाच्या हातात ठेवली. "पोरं बसतात ह्यात," एवढेच बोलला. आता त्याची मान, खांदे, पाय सारखे हलतात, चालताना झोकांड्या जातात, जीभ जड झाली आहे. इस्पितळात रक्त तपासून डॉक्टरांनी रोगाचे नाव हंटिंग्टन असे सांगितले. यात मेंदूचा काही भाग झिजत जातो. औषधाने हलणे थोडे कमी होते, झिजणे थांबत नाही. पुढे विचार गोंधळतील, बोलणे जाईल, घास गिळता येणार नाही. हा रोग आईकडून किंवा बापाकडून उतरतो. प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता रुपयात आठ आणे.

आपण म्हणाल, डॉक्टरांचा कागद दाखवा की. दाखवतो. कागद इंग्रजीत आहे, आणि मी मराठीत सांगू लागलो की लोक हसतात. कारण असे की, देवगडच्या खाडीतून मगरीच्या पाठीवर बसून मी विजयदुर्गास बारशाला गेलो होतो, हे चाळीत सर्वांना ठाऊक आहे. (मगर सभ्य होती. परतीचे भाडे घेतले नाही.) त्यामुळे रक्तातून उतरणारा आणि अंग नाचवणारा रोग म्हटले, की शेजारचा सुयोग म्हणतो, "माणिककाका, आज जाम मोठी सोडलीत!" उभ्या जन्मात एकदा नुसते खरे सांगायला बसलो, तर गिऱ्हाईक नाही. म्हणून सरकारी शिक्का हवा.

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याचा साखरपुडा होता. हॉलच्या दारावर दोन पोरांनी नंदूला अडवले. "ए बेवड्या, आत बायका आहेत, निघ." नंदूला उत्तर द्यायचे होते, पण त्याचे शब्द जुळून येईतो त्याला ढकलून पायरीवर बसवलेसुद्धा. नाक्यावरचा हवालदार आला. माणूस वाईट नव्हता. त्याने नंदूला नळीत फुंकायला लावले. शून्य. मशीन बदलले. शून्य. मग त्याने स्वतः फुंकून पाहिले, मलाही फुंकायला लावले. शेवटी म्हणाला, "काका, मशीन बरोबर आहे, पण माणूस टाईट आहे. घरी न्या." नंदूची मुलगी निधी, वय २२, आतून धावत आली. तिने बापाच्या शर्टाचे तुटलेले बटण पायरीवरून उचलले आणि आम्ही तिघे न जेवता घरी आलो.

हा रोग माझी दिवंगत पत्नी शेवंती हिच्या माहेरचा. तिचा बाप मालवणाकडच्या गावात असाच हलायचा. गावाने ठरवले, ह्याच्या अंगात देव येतो. जत्रेत पहिला नारळ त्याचा. लोक त्याच्यासमोर बसून सोयरिकीचा कौल मागत. मान उजवीकडे गेली की हो, डावीकडे गेली की नाही. त्या बिचाऱ्याच्या मानेवर गावातली अर्धी लग्ने जुळली. पुढे त्याला घास गिळवेना, तेव्हा लोक म्हणाले, देवाला अन्न लागत नाही. तो उपाशी मेला, साहेब. हे मी रचून सांगत नाही. शेवंती हलू लागली ती घाटकोपरात. इथे देव कोणाला सुचला नाही. इथल्या बायका म्हणाल्या, नवऱ्याच्या जोडीने घेते वाटतं. सासऱ्याला नारळ, बायकोला टोमणे, मुलाला धक्के. रोग एकच.

तरी परवान्यावर ठळक मराठीत असे छापावे: "हा इसम प्यालेला नाही. हा आजारी आहे. याला बसायला जागा द्यावी आणि याचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबावे." परवाना गळ्यात अडकवता येईल असा असावा, कारण खिशापर्यंत पोचेतो त्याचा हात गावभर फिरून येतो. फी पिणाऱ्यांइतकीच घ्यावी, सवलत नको. मुदत आजीवन द्यावी. मी फार लांबची मुदत मागत नाही, हे आपल्या ध्यानात आलेच असेल.

आता निधीविषयी. तिची तपासणी झालेली नाही. डॉक्टर म्हणाले, तिला वाटेल तेव्हा, न वाटल्यास नाही. परवा तिच्या हातून कप पडला. कप पडतातच. तरी घरात कोणी हलेना. मग तिने विचारले, "आजोबा, माझ्यात आहे का हो?" मी म्हटले, "छे! तुझ्या आजीने स्वप्नात येऊन लिहून दिलंय मला." ती म्हणाली, "मगरीची सही घेतलीत ना खाली?" आणि हसली. हसताना ती स्वतःच्या हातांकडे बघत होती.

म्हणून शेवटची विनंती. असा परवाना आपण एकच छापावा. पुढे कोणाला लागेल म्हणून जास्तीची प्रत काढू नये, आणि छपाई झाली की त्याचा साचा मोडून टाकावा.

आपला नम्र, आणि या खेपेस खरे बोलणारा,
माणिक लाडू चिंदरकर
घाटकोपर (पश्चिम)
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

सोबत:
१. डॉक्टरांच्या कागदाची प्रत.
२. नंदूचा फोटो, एक. आधीचे दोन हलले. तिसऱ्या वेळी निधीने मागे उभे राहून त्याचे डोके दोन्ही हातांनी धरले, तेव्हा हा नीट आला. दोन्ही कानांपाशी तिची बोटे दिसतात. परवान्यावर चिकटवताना ती कापू नयेत.