काचेवरचा अंगठा

शेवगाव, गुरुवार, १२ डिसेंबर १९४६

आईच्या पाटल्या चोरीस गेल्या आणि संशय धुणे धुणाऱ्या सखूमावशीवर आला. फौजदारांनी ठसे शोधण्याची भुकटी खडबडीत भिंतीवर टाकली. काहीच उमटले नाही. तेव्हा चारचौघांत कधीही न बोलणारी मी म्हणाले, "पाटल्यांजवळच्या दिव्याची काच पाहा. काल दिवेलागणीला मी ती राखेने पुसून फडक्यानेच बसवली. ठसा असलाच, तर चोराचा."

"मुलीला बोलता येतं तर!" फौजदार हसले.

गुळगुळीत काचेवर अंगठा स्पष्ट उमटला. तो घरातल्या कुणाचा नव्हता, सखूमावशीचाही नव्हता.

"ताई, तुमी बोलला म्हून माजी अब्रू ऱ्हायली."

एवढे धैर्य माझ्यात होते? ती काच फौजदारांनी नेली. नवी सखूमावशीने बसवली. तिच्या अंगठ्याची खूण राहिली आहे. पुसावी? नाही. तिच्याच उजेडात ताठ मानेने लिहीत आहे.