भिऊ नका, तोंड उघडा

प्रिय आत्याबाईंना,

तुमच्या भाचीचा आदरपूर्वक सलाम. गुडघे कसे आहेत? (भांडण उकरून काढायचं म्हणून नाही, खरंच विचारते.) आम्ही सगळे देवाच्या कृपेने बरे आहोत. बाबा तेवढे जेवताना तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून बसतात.

गेल्या नाताळात तुमच्या गुडघ्यांना स्टूल झेपणार नाही म्हणत बाबांनी नाटुकल्यातला देवदूत तुमच्याकडून काढून घेतला आणि तेव्हापासून तुम्हा बहीणभावांचा अबोला आहे. यंदा तो देवदूत माझ्या गळ्यात पडला. तुमचे पंख अंगावर चढवताना मला इतकं अपराधी वाटलं की ते दोनदा उसवून पुन्हा शिवले. बोलायचं फार नव्हतं: भिऊ नका, मोठ्या आनंदाची बातमी आणली आहे. हे तर तुम्हीच मला मांडीवर बसवून वाचायला शिकवलेलं. पण काल चर्चमध्ये स्टुलावर चढले आणि खाली मेंढपाळ झालेले सुतारकाका दिसले. आमच्या दातांच्या दवाखान्यात परवाच त्यांची दाढ काढली, तेव्हा त्यांचा हात मीच धरून उभी होते. ‘भिऊ नका’ इथवर ठीक गेलं. पुढे रोजच्या सवयीनं ‘तोंड उघडा’ आलं. काकांनी उघडलं. शेजारच्या दोन मेंढपाळांनीही उघडलं (ते आमचे पेशंट नाहीत, तरीही).

मला वाटलं, सुवार्ता बुडवली मी. तेवढ्यात पेटीवर बसलेले बाबा हसत सुटले, आणि तोंडं उघडीच आहेत तर म्हणून मेंढपाळांनी गाणंच सुरू केलं. मग सगळं चर्च गायला लागलं. इतकं बेसूर आणि इतकं आनंदाचं गाणं मी कधी ऐकलं नव्हतं. सकाळपासून मी गव्हाणीतलं गवत काडी काडी सारखं करत होते, आत्याबाई, आणि प्रभू तर झाडलोट व्हायची वाट न बघता गोठ्यात आला. बातमीही आधी भ्यालेल्यांनाच दिली. हे मला पाठ होतं, कळलं काल.

असो. उत्तराची घाई नाही.

तुमची,
पंख शिवणारी भाची

ता. क. घाई आहे. नाताळ गुरुवारी आहे. काल घरी येताना बाबा डोळे पुसत म्हणाले, “आता हे ताईला कोण सांगणार?” वर्षभरात पहिल्यांदाच तुमचं नाव निघालं. स्वतः फोन करायला भितात, तुम्ही ठेवून द्याल म्हणून.

आणखी एक ता. क. खुर्ची पुसून ठेवली आहे. भिऊ नका. दार ते उघडतील, तोंड तेवढं तुम्ही उघडा.