तेवढा एक शब्द सोडून

१४ सप्टें. २०००, गुरु.
नातीचा बाप्तिस्मा १ ऑक्टो.ला ठरला. पाळकसाहेबांना भेटून आले आणि घरी विनयला सांगितलं. बाप्तिस्म्याला आईबापांनी पुढे उभं राहून मतांगीकार, म्हणजे आपला विश्वास काय ते, मोठ्यानं म्हणायचा असतो. कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणाला, "आई, पोरीला घेऊन मी पुढे उभा राहीन. पण येशू देव आहे, असं म्हणणार नाही."
मला वाटलं थट्टा. थट्टा नव्हती.
अमेरिकेत दोन वर्षं काढून आला तेव्हा मी त्याचं वजन किती उतरलं तेच बघत बसले होते.

१६ सप्टें., शनि.
वि.शी बोलले. बोलले म्हणजे ओरडले. म्हणे, येशूसारखा माणूस झाला नाही. त्याला गुरू म्हणेन, प्रभू म्हणेन, त्याच्याच शिकवणीवर पोरीला वाढवीन. पण माणूस. "जे मनात नाही ते सगळ्या मंडळीसमोर, हातात पोर घेऊन कसं म्हणू?"
म्हटलं, नुसते ओठ हलव.
"हे तू सांगतेस?"
सूनबाईला, शीतलला, स्वतः म्हणायला अडचण नाही, नवऱ्याला सांगायची आहे.

१७ सप्टें., रवि.
उपासनेत लक्ष नव्हतं. दुपारी राहवेना म्हणून शेजारच्या जोशीकाकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, आम्ही शेंदूर फासलेल्या दगडाला देव म्हणतो. तुमच्या मुलाला एवढ्या चांगल्या माणसाला म्हणवत नाही?"
हसू आलं, मग रागही. आमचं तेच तर आहे. चांगला होता म्हणून देव नाही. देव होता म्हणून...
पुढे जमेना. तीस वर्षं चर्चच्या शब्बाथ शाळेत मुलांना शिकवतेय, आणि जमेना!

१९ सप्टें., मंगळ.
युक्ती सुचली. पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, तेव्हा मोठा मतांगीकार म्हणतात. येशू खरा देव, असं त्यात स्वच्छ आहे. बाकीच्या रविवारी छोटा. त्यात देवाचा पुत्र, आमचा प्रभू, इतकंच. तेवढं वि. खुशाल म्हणेल.
पा.सा.ना फोन केला. नगरहून नणंद येतेय, तिला एक तारीख जमत नाही, आठ चालेल का? लगेच हो म्हणाले. नणंदेला यातलं काही माहीत नाही. वि.ला सांगितलं, चर्चमध्ये अडचण आहे, आठ तारीख. तो बरं म्हणाला.
दोघांशी खोटं बोलले. पण पोरीचा बाप्तिस्मा तर होईल.

२३ सप्टें., शनि.
पा.सा.चा फोन वि.नं घेतला. नगरच्या आत्यांसाठी तारीख पुढे नेली, तर पाहुणे किती, असं ते विचारत होते. वि.नं नगरला फोन लावला. मग माझ्यासमोर येऊन बसला. दोन्ही मतांगीकार लहानपणी मीच त्याच्याकडून पाठ करून घेतलेत, त्यामुळे त्याला समजायला वेळ लागला नाही.
ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू म्हणाला, "म्हणजे तो एक शब्द सोडून तुलाही चालतं."
मी उठून भाजी चिरायला घेतली.

२४ सप्टें., रवि.
चर्चला गेले नाही.
नाही चालत. हे काल सांगायला हवं होतं. सहा वर्षांपूर्वी हे गेले त्या सकाळी मी वॉर्डात त्यांचा हात धरून बसले होते. मी नर्स, आता काही होणार नाही हे मला डॉक्टरांच्या आधी कळलं होतं. मी येशूशी बोलत होते, मोठ्यानं. तो नुसता एक भला माणूस, कधीचा मेलेला, तर मी बोलत कुणाशी होते? भली माणसं वॉर्डात पुष्कळ होती. डॉक्टर भले, आयाबाई भली. ह्यांच्याबरोबर पुढे कुणाला जाता येत नव्हतं. येशू गेला. देव असल्याशिवाय जाता येत नाही, आणि स्वतः मेल्याशिवाय ती वाट माहीत होत नाही.
आणि हे मी एका तारखेसाठी सोडायला निघाले होते. लाज वाटते.

२६ सप्टें., मंगळ.
पा.सा.कडे गेले. खोटं बोलले ते कबूल केलं. ते रागावले नाहीत. "मग एक तारीखच ठेवू?" म्हटलं, हो.
"विनय गप्प राहिला तर मी पुढे जाणार नाही, बाई. थांबेन."
"किती वेळ?"
"ते मलाही माहीत नाही."
घरी वि.ला सगळं सांगितलं, वॉर्डातलंही. आजवर कधी बोलले नव्हते. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू आत होतीस, आई. मी सांगलीच्या एस.टी.तून स्वारगेटला उतरत होतो. पोचलो तेव्हा बाबांवर चादर होती. मला तिथे कुणीच दिसलं नाही."
त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो राहू दिला.

१ ऑक्टो., रवि., सकाळ
नऊची उपासना. वि. सहालाच उठला. स्वतःच्या शर्टाला स्वतःच इस्त्री केली. पोर झोपेतच आहे. काय ठरवलंस, असं विचारलं नाही. शीतललाही विचारू दिलं नाही.
आत्ता दारात बूट घालताना म्हणाला, "आई, मतांगीकार सुरू झाला की माझ्याकडे बघू नकोस."
म्हटलं, नाही बघणार.
रिक्षा आली. शीतल खालून हाका मारतेय.
बघणार आहे मी.