शेवाळाचा बंदोबस्त

रविवार, २ मार्च
नात दहाला आली. माशांच्या टाकीपुढे बसली आणि म्हणाली, आजी, मासे दिसतच नाहीत. काचेवर हिरवं शेवाळ चढलंय हे मलाही दिसतं. टाकी तिची, पण सूनबाईंना घरात ओल नको, म्हणून माझ्या हॉलमध्ये. नात दर रविवारी मला भेटायला येते, माशांना नव्हे. तरी काच स्वच्छ असलेली बरी. पंधरा दिवसांत लख्ख करते, असं तिला सांगितलं. पंधरा जरा जास्तच झाले.

सोमवार, ३ मार्च
जुन्या टूथब्रशने काच घासली, सव्वा तास. शेवाळ गेलं, कंबरही गेली. छत्तीस वर्षं हेड स्टेनो होते. साहेबांचे मसुदे सरळ केले, त्यापुढे हे किस झाड की पत्ती.

बुधवार, ५ मार्च
परत आलं. आता टाकीतल्या झाडांच्या पानांवरही, केसांसारखं.
समोरच्या बाई डोकावल्या. दिवा फार वेळ लावता, म्हणाल्या. सकाळी सहा ते रात्री दहा लावते. झाडांना उजेड लागतो, हे आम्हाला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी चौथीतच शिकवलं. समोरच्यांच्या घरात प्लास्टिकची फुलं आहेत. त्यांनी बोलू नये.

शुक्रवार, ७ मार्च
माशांच्या दुकानात गेले. दुकानदाराने एक बाटली हातात दिली आणि म्हणाला, रोज सकाळी अर्धं झाकण. एवढंच. क्रियापद नाही. हल्ली लोक क्रियापदं कुठे विसरून येतात कोण जाणे. विचारणार होते, पण अपुरा मसुदा पुरा करायला मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. मीच पुरा केला : रोज सकाळी टाकीचं अर्धं झाकण उघडं ठेवावं. बरोबरच आहे, हवा खेळेल. बाटलीबद्दल तो काहीच बोलला नाही. अडीअडचणीला असणार. कपाटात ठेवली.

रविवार, ९ मार्च
नऊ माशांपैकी एक टाकीबाहेर पडून वाळला होता. नेमका नातीलाच सापडला. झाकण उघडं का, तिने विचारलं. उपचार चालू आहेत, मी म्हटलं. रडली नाही. त्यापेक्षा रडली असती तर बरं.
संध्याकाळी सूनबाईंचा फोन. टाकी अशीच राहिली तर उरलेले मासे दुकानात देऊन टाकू. रविवारी दहाला चित्रकलेचा क्लास आहे, तिथे तिला घालू. तसंही ती मासे बघायलाच येते, म्हणाल्या. मी म्हटलं, तसंही हा शब्द तुम्ही फार वापरता.

मंगळवार, ११ मार्च
दुकानात जाऊन जाब विचारला. दुकानदाराला आधी कळेचना. मग म्हणाला, अहो बाई, बाटलीचं झाकण. अर्धं झाकण औषध पाण्यात ओतायचं. मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकं खोकली. मी सांगितलं, वाक्य अपुरं असेल तर दोष बोलणाऱ्याचा. मग त्याने सगळं नीट सांगितलं : दिवा सहा तासच लावा, खाणं चिमूटभर घाला, आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला. मनात आणलं तर माणूस सुधारतो.

शुक्रवार, १४ मार्च
औषध चालू. दिवा सहा तास. पाणी बदललं, हॉलही धुऊन निघाला. शेवाळ निम्मं झालंय. चष्मा लावल्यावर पाऊण वाटतं. खाण्याचं मात्र मी ऐकणार नाही. दाराशी आलेल्याला मी चिमूटभर वाढत नाही.

रविवार, १६ मार्च
पंधरा दिवस भरले. नातीला आठांपैकी पाच मासे मोजता आले. बाकीचे शेवाळाच्या आड होते, म्हणजे आहेत. बाराला जायची ती अकरालाच निघाली. परीक्षा जवळ आली असेल. विचारलं नाही.

गुरुवार, २० मार्च
मूळ सापडलं. टाकीच्या गाळणीतला स्पंज काळाकुट्ट झाला होता. असल्या घाणीतून पाणी गाळल्यावर दुसरं काय होणार? कढत पाण्यात कपड्यांच्या साबणाने घासून पांढराशुभ्र केला. समोरच्या म्हणाल्या, साबण लावत नाहीत असं ऐकलंय. ऐकलंय म्हणे.
रविवारी नात थक्क होईल.

शनिवार, २२ मार्च
सकाळी पाणी दुधासारखं. पाच मासे उताणे. तीन वर तोंड करून धापा टाकत होते. मुलाला बोलावलं. तो बादली घेऊन आला, तिघांना दुकानात देऊन आला. स्पंजातले जंतू माशांच्या उपयोगाचे असतात, ते साबणाने मेले, असं दुकानदार म्हणाला. जंतू उपयोगाचे! सिस्टरांनी ऐकलं असतं तर त्याला बाकावर उभं केलं असतं.
मुलगा म्हणाला, आई, जाऊ दे, तुझ्यामागचं एक काम कमी झालं.

रविवार, २३ मार्च
नात आली नाही. दुखवट्यात असेल.

रविवार, ३० मार्च
टाकी रिकामी करून पुसली. काच आरपार दिसते, शेवाळ औषधालाही नाही. मोहीम फत्ते म्हणायला हरकत नाही.
दहाला फोन लावला. नात क्लासला गेली, रमली आहे, सूनबाई म्हणाल्या. मग आता कोणत्या वारी पाठवाल, विचारलं. बघू, म्हणाल्या. मी म्हटलं, मला गुरुवार चालेल. शुक्रवारही. शनिवारी तर मी घरीच असते. रविवारीही.