वळणावर उभं राहायचं

रविवार, २८ एप्रिल

आज बाबा चुकले! लायनशॉल गावाच्या पुढच्या चौकात उजवीकडे वळायचं ते डावीकडे वळले. त्यांच्यामागे आम्ही सगळे. रस्ता अरुंद होत गेला, मधोमध गवत आलं, आणि शेवटी एका गोठ्याच्या अंगणात आम्ही रविवारच्या सायकलफेरीचे सातजण सायकली धरून उभे.

रस्ता चुकला असं कोणी म्हणालं नाही. आमच्यात जो पुढे असतो त्याने निघताना फक्त चहा कुठे ते सांगायचं. रस्ता त्याचा. तो विचारायचा नाही, त्यावर बोलायचं तर मुळीच नाही. आणि माझ्या जन्माआधीपासून पुढे बाबाच.

बेरिलने रेनकोट शेणाच्या ढिगाशेजारच्या कट्ट्यावर पसरला. "वा डेस्मंड! काय जागा शोधलीस!" बाबांना म्हणाली आणि डबा उघडला. सकाळी साडेनऊला! मग कॉलिननेही उघडला. मग सगळ्यांनीच. आतून शेतकरी आला. त्याच्या अंगणात म्हातारी माणसं चीज सँडविच खात बसलेली. थोडा वेळ बघत राहिला.

"हवा छान आहे," म्हणाला.

"फारच," कॉलिन म्हणाला.

तो आत निघून गेला.

बाबा भिंतीकडे बघत होते. "इथून पुढे रस्ता नसावा," म्हणाले. "आलो तसे जाऊ की," बेरिल. विषय संपला.

मी नेहमीसारखी सगळ्यांच्या मागे. शेपूट. आधी आई शेपूट होती, ती गेल्यावर मी. पद्धत सोपी आहे. वळण आलं की पुढच्याच्या मागोमाग जो असेल त्याने थांबायचं, हात करून दिशा दाखवायची, आणि शेपूट येईपर्यंत तिथून हलायचं नाही. त्याला आम्ही खांब म्हणतो. शेपूट आलं की खांब सुटला. म्हणून कोणी कितीही रेंगाळलं तरी आमच्यात कधी कोणी हरवत नाही.

आज मी मागून बाबांची पाठ शोधत होते. पिवळं जाकीट, खांद्यावर आईने लावलेलं ठिगळ. ती पाठ चुकू शकते हे मला कधी सुचलंच नव्हतं.

मंगळवार, ३० एप्रिल

बाबांकडे जेवायला. स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून साखळीला तेल देत बसले होते. आईने हे चालवून घेतलं नसतं! गोठ्याचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही नाही. बटाटे चांगले झालेत, असं दोघांनीही दोनदा म्हटलं.

रविवार, ५ मे

शेपूट कॉलिनला दिलं आणि मी बाबांच्या मागोमाग राहिले. प्रत्येक वळणाआधी हळूच, "उजवीकडे ना, बाबा?"

"मग काय डावीकडे?"

जमलं! नियमाने मागच्याने खांब व्हायचं. मी एकदाही थांबले नाही. माझ्या मागच्यांना खूण करत राहिले, ते बिचारे थांबत राहिले.

सफरचंदाच्या बागा फुलल्यात. कुंपणाच्या कडेची पांढरी फुलं आता पार कोपरापर्यंत लागतात. बाबा पुढून ओरडतात — "खड्डा!" "घोडा!" — आणि ते ओरडणं एकेकाच्या तोंडून मागे मागे जात राहतं. खड्डे त्यांना सगळे दिसतात. घोडाही पाव मैलावरून दिसतो. रस्ताच तेवढा कुठेतरी निसटतो.

चहाला बेरिल माझ्या शेजारी येऊन बसली. तिने माझा लोणी लावलेला अर्धा स्कोन उचलला.

"किती दिवस त्याच्या कानात कुजबुजणार आहेस?"

"ऐकू आलं तुम्हाला?"

"मला कमी ऐकू येतं, हेट्टी. तरी आलं. म्हणजे बघ."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना."

"आम्ही? आम्ही मरेपर्यंत त्याच्या मागून जाऊ. नदीत नेलंन तर नदीत डबे उघडू. तू मुलगी आहेस. तू सांग."

गुरुवार, ९ मे

सांगवत नाही.

आमच्यातल्या नॉर्मनचं आठवतं. त्याने आधी लांबच्या फेऱ्या सोडल्या, मग येणंच सोडलं. सायकल गॅरेजात भिंतीला टांगली. आता रविवारी आम्ही त्याच्या घरावरून जातो तेव्हा तो खिडकीतून हात हलवतो. पहिल्या वर्षी दारात येऊन हलवायचा.

बाबांचा रविवार गेला तर बाबांचं काय उरेल?

रविवार, १२ मे

सांगितलं.

बाबा गॅरेजात टायरमध्ये हवा भरत होते. "बाबा, आज मी पुढे जाऊ?"

पंप थांबला. "माझं काही चुकलं का?"

"त्या दिवशी तो गोठा..."

"मला आवडला तो गोठा."

मला हसू आलं आणि नको ते सगळंच एकदम आलं. त्यांनी पंप जागेवर नीट लावला. बराच वेळ लावला. "बरं. चहा कुठे ते मात्र मी सांगणार."

"सांगा."

"पेंब्रिज."

मी पुढे. समोर कोणाची पाठ नाही! नुसता रस्ता आणि वारा. खोटं कशाला लिहू — मजा येत होती. पेंब्रिज गावाच्या अलीकडच्या शेवटच्या वळणावर मागोमाग बाबा होते. ते थांबले, हात केला, खांब झाले. मी वळले.

चहाला सगळे पोचले. बाबा नाहीत.

"शेपूट कोण होतं?" मी विचारलं.

कॉलिनने कप खाली ठेवला. "तूच ना?"

"मी पुढे होते, कॉलिन!"

"हो की. पण शेपूट तूच असतेस."

शेपूट कोणीच नव्हतं! कोणाला नेमलंच नाही. बाकीचे आपापल्या वळणावर माणसं मोजून निघाले होते. बाबांना निघायचा हुकूम द्यायला कोणी आलंच नव्हतं.

मी एकटी मागे धावले. भुरभुर पाऊस लागला होता. ते तिथेच होते. सायकल कुंपणाला टेकवलेली, एक हात पेंब्रिजकडे केलेला. गेटापलीकडे मेंढ्या ओळीने उभ्या राहून त्यांना बघत होत्या.

"शेपूट आलं का?" त्यांनी विचारलं.

"आलं, बाबा. मीच."

"उशीर केलास गं." हात अजून तसाच. "मध्ये वाटलं निघावं. पण आलो कुठून तेच आठवेना. हात कुठे दाखवतोय तेवढं माहीत होतं. म्हणून खाली घेतला नाही."

मी त्यांचा हात धरून खाली घेतला. थंडगार आणि ताठ झाला होता. तिथेच रस्त्यावर उभं राहून चोळत राहिले. मागून एक मोटार आली, थांबली, शहाण्यासारखी थांबूनच राहिली.

सोमवार, १३ मे

बाबांनी सायकल गॅरेजात भिंतीला टांगली. मला फोनवर सांगितलं, हवामान सांगावं तसं.

गुरुवार, १६ मे

तिकडे गेले होते. बाबा खुर्चीत. खुर्ची खिडकीशी ओढलेली. आधी ती तिथे नव्हती.

"आई रविवारी चहानंतर घरी येऊन गुणगुणायची, आठवतं?" अचानक म्हणाले. "भांडी घासताना. मी म्हणायचो, दिवसभर माझी धूळ खाल्लीस, गातेस कसली?"

"त्यावर काय म्हणायची ती?"

"काही नाही. गायची."

रविवार, १९ मे

सकाळी बाबा माझ्या दारात. सायकलसकट! "हेट्टी, शेपटाला रस्ता माहीत असावा लागतो का गं?"

 नाही. मुळीच नाही लागत.

मी पुढे गेले. चहाला बाबा सगळ्यांत शेवटी आले, बेरिलच्या मागोमाग. चेहरा लहान मुलासारखा. माझ्या शेजारी बसले, टोपी काढली.

मग म्हणाले, "प्रत्येक वळणावर कोणीतरी उभं होतं गं. माझ्यासाठी हात करून. इतकी वर्षं पुढे होतो, मला हे कधी दिसलंच नाही. तुझ्या आईला दर रविवारी दिसायचं."