तार सुटलेले दही

आर. के. पुरम, नवी दिल्ली

चि. सौ. हेमलता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे गुडघे व आमच्या साडूंचे पथ्य ही दोन्ही यथास्थित असावीत. इकडील वर्तमान असे की, तुझी बहीण गेल्यापासून तिचे विरजण मीच सांभाळत होतो. (नात रेवती 'दही जमवली' म्हणते. दही नपुंसकलिंगी असून ते लावतात, हे सांगणे मी आता सोडले आहे.) शालिनीचे दही गोड असे; माझे होईना. म्हणून मी दुधातच साखर घालून विरजण लावू लागलो. थोड्याच दिवसांत दह्याला तार सुटली. चमचा उचलावा, तर दही वाटीपासून विभक्त होईना. शेवटी वाटी विनयने धरली व चमचा मी. आम्हा पितापुत्रांचा इतका निकटचा संबंध कित्येक वर्षांत आला नव्हता.

रेवती जिवाणूंवर संशोधन करते. तिला मात्र हर्ष झाला. "आजोबा, क्या बात है! एवढी लांब तार आमच्या लॅबमध्येपण नाही निघत, यार!" (आजोबांस 'यार'. असो.) तिने तेच विरजण दोन नळ्यांत लावले: एकीत नुसते दूध, दुसरीत साखरेचे. नुसत्या दुधातले नीट लागले. साखरेच्या दुधातून गोंदासारखा तंतू निघाला. काही जिवाणू साखर मिळताच तिचे लांब, चिकट धागे विणतात म्हणे. मग तिने विचारले, "पण दुधात साखर कशाला? आजी तर तुमच्या वाटीत वरून घालायची."

हेमलता, मला हे ठाऊक नव्हते. मी पाटावर बसेपर्यंत साखर पडून गेलेली असे.

आता नुसत्या दुधावर ते पूर्ववत होईल का, असे मी विचारले. उत्तरापूर्वी तिने माझा हात धरला.

"तार थांबेल, आजोबा. पण आता त्यात चिकटवालेच उरलेत. आजीचे बाकीचे... नाही राहिले बहुतेक."

'चिकटवाले' हा शब्द मी दुरुस्त केला नाही. भांडे घासून पालथे ठेवले आहे.

तुझा शुभचिंतक,
खंडेराव

ता. क. : तुझा संसार मांडताना शालिनीने तुला याच विरजणाची वाटी दिली होती. तुझा यशोधन पुढील आठवड्यात कचेरीच्या कामाने इकडे येतो आहे. त्याच्याबरोबर घट्ट झाकणाच्या डबीतून चमचाभर पाठव.

पुन्हा ता. क. : मधल्या काळात तुझेही नासून तू दुकानाच्या दह्यावर नवे विरजण धरले असेल, तर तसे मला कळवू नकोस. डबी पाठव, आणि देताना 'मावशीचेच आहे' असे म्हणायला यशोधनास सांग.